फाशी 'माफ' की 'रद्द'?

प्रश्न आलाय: "ब्रिटनने 1991 साली कॅरिबियनमधल्या आपल्या बेटांवरची फाशी माफ केली, असं वाचलं. 'माफ' बरोबर आहे का?"

नाही. माफ होते ती कुणा एकाची शिक्षा. पुढच्या खुन्यासाठी दोर तसाच टांगलेला राहतो. 1991 साली लंडनहून निघालेल्या राणीच्या हुकुमाने अँग्विला, माँटसेराट, केमन, ब्रिटिश व्हर्जिन बेटं आणि टर्क्स-केकॉस इथली खुनासाठीची फाशी कायद्यातूनच गेली. म्हणजे रद्द झाली. आपल्याकडे तर फाशीची जन्मठेप झाली तरी 'फाशी माफ' असा मथळा! जन्मठेप म्हणजे काय मे महिन्याची सुट्टी?

सरकारी परिभाषेचे भक्त आता 'निरसन' घेऊन येतील. कायद्याचं निरसन करा खुशाल. शिक्षेचं निरसन म्हटलं की मला फक्त शंकाच आठवतात.

'रद्द' काय वाईट आहे? अरबीत रद्द म्हणजे परत फिरवणं. नापसंत म्हणून फिरवलेली ती रद्दी, जी आपण किलोवर विकतो. पण खरी मजा 'रदबदली'त आहे! फारसी रद्द-ओ-बदल म्हणजे उलटसुलट बोलणं, हुज्जत. मराठीत मात्र रदबदली म्हणजे दुसऱ्यासाठी शब्द टाकणं. माझा तर्क असा, की दरबारात कुणासाठी शब्द टाकायचा तर धन्याशी हुज्जत घालावीच लागे, आणि हळूहळू हुज्जत विरून मध्यस्थी तेवढी उरली. एक व्यासंगी स्नेही यात 'शिक्षेची बदली' शोधतात. मग 'रद'चं काय करायचं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

दोन्ही शब्द एका गोष्टीत हवे असतील तर बर्म्युडा बघा, अटलांटिकमधलं ब्रिटनचंच बेट. 1977च्या डिसेंबरात बरोज आणि टॅकलिन या खुनासाठी फाशी सुनावलेल्या दोघांसाठी लंडनपर्यंत रदबदली झाली. खुद्द ब्रिटनमध्ये 1964नंतर कुणी फासावर गेलं नव्हतं, तरी या दोघांना फाशी झाली आणि बेटावर दंगल पेटली. 1991च्या हुकुमातूनही बर्म्युडा वगळलेलं. 1968पासून तिथे स्वतःची राज्यघटना, घरचा कारभार घरच्या विधिमंडळाकडे. त्यात 1990च्या सार्वमताचा कौल फाशी ठेवण्याच्या बाजूचा. लंडनने दबाव आणला, पण कायदा बर्म्युडाच्याच विधिमंडळाने केला, 1999 साली. तिथे फाशी रद्द झाली ती अशी. त्या दोघांना माफी मात्र मिळाली नव्हती.