बोअरच्या पाण्यात शंखवाले सिक्लिड

मासे पाळायचेत, पण बोअरचं पाणी जड आहे म्हणून लगेच आरओच्या मागे लागू नकोस. मऊ पाण्यातल्या अ‍ॅपिस्टोची (हेही छोटे सिक्लिड मासेच) अंडी अशा पाण्यात बरेचदा पांढरी पडून वाया जातात आणि जीव हळहळतो. त्यापेक्षा आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले मल्टीफॅसिएटस आण, म्हणजे रिकाम्या शंखांत राहणारे छोटे सिक्लिड. त्यांना जड, ८च्या वर पीएच असलेलं पाणीच मानवतं. नर जेमतेम ४-५ सेंटिमीटरचा. दोन इंच बारीक वाळू घाल. मासे ६ तर शंख १५ तरी हवेतच, रंगवलेले नकोत. मग नुसतं बघत बस. तोंडात वाळू भरभरून ते शंख पुरतात, फक्त शंखाचं तोंड उघडं ठेवतात. एक दिवस तिथेच जिऱ्याएवढी पिल्लं दिसतील. ती वेगळी काढू नकोस, मोठे मासे सहसा त्यांना खात नाहीत. त्यांना खायला आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) ताजी पिल्लं दे, आणि पाणी थोडं थोडंच बदल.