घर-सल्ला : वर्सोव्यात समुद्राच्या आधी छत पाहा

प्रश्न : यारी रोडला १९८०च्या दशकातल्या सोसायटीत फ्लॅट पाहिला. नुकताच रंग दिलाय, बाल्कनीतून समुद्र दिसतो. इमारत लवकरच पुनर्विकासाला जाणार म्हणून भाव चढा आहे, असं एजंट सांगतो. काय तपासू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रंग फक्त त्या फ्लॅटला दिलेला असतो, म्हणून आधी बाहेर फिरा. शेजारच्या बाल्कन्यांच्या स्लॅबची खालची बाजू, खिडक्यांवरचे छज्जे, पार्किंगमधले कॉलम आणि गच्चीवरच्या टाकीखालचे बीम पाहा. सळईच्या रेषेत सरळ गेलेली भेग आणि तिच्या कडेला तपकिरी ओघळ दिसला, की आत गंज आहे. तिथे हातोडीने हलकेच टकटक करा. भद्द आवाज आला तर काँक्रीट सळईपासून सुटलंय.

कारण खारा वारा. त्यातल्या मिठाचे क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत जातात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. काँक्रीट बांधकामाचं आजचं भारतीय मानक, आयएस ४५६, किनाऱ्यावरच्या बांधकामात सळईवर किमान ४५ मिमी काँक्रीट मागतं. जुन्या स्लॅबमध्ये ते अनेकदा १५-२० मिमीच सापडतं.

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. ३० वर्षांपुढच्या इमारतीला तो बंधनकारक आहे. नुसती रीबाउंड हॅमर चाचणी (काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारी) असेल तर समाधान मानू नका, तिच्यातून गंज कळत नाही. सळईचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीचे आकडे पाहा. उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलेल्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. ‘सी-१’ शेरा म्हणजे इमारत रिकामी करून पाडण्याजोगी. दुरुस्ती झाली असेल तर कशी झाली, हेही विचारा. फुटलेल्या जागेपुरता नवा मसाला भरला, की पॅच टिकतो, पण त्याच्या कडेला जुन्या खारट काँक्रीटमधली सळई आणखी वेगाने गंजू लागते.

पुनर्विकासाच्या नुसत्या आशेवर जास्त पैसे मोजू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ च्या प्रक्रियेनुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विकासकाची निवड आणि नोंदणीकृत विकास करार ही कागदपत्रं प्रत्यक्ष पाहा. शिवाय प्लॉट सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) कोणत्या वर्गात येतो, हे मंजूर किनारा आराखड्यावर बघा. सीआरझेड-२ मध्ये, म्हणजे आधीच विकसित झालेल्या शहरी किनाऱ्यावर, नवं बांधकाम आधीपासूनच्या अधिकृत रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच होऊ शकतं. थेट वाळूला लागलेल्या प्लॉटचं गणित इथेच अडू शकतं.

प्रश्न : वर्सोवा कोळीवाड्यातलं एक घर बरंच स्वस्त मिळतंय. नोटरी केलेला करार आणि कुलमुखत्यारपत्र देतील. घेऊ का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : एवढ्यावर घेऊ नका. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. वीजबिल आणि घरपट्टीची पावती हाही मालकीचा पुरावा नाही. सीटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) घेऊन नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. तिच्यावर बहुधा आजोबा-पणजोबांचं नाव निघतं. म्हणजे लग्न होऊन गेलेल्या मुलींसह सगळ्या वारसांच्या सह्या नोंदणीकृत खरेदीखतावर हव्यात. एक बहीण राहिली तरी तिचा हिस्सा तुमच्या नावावर येत नाही. चढवलेल्या मजल्यांना मंजूर नकाशा आहे का, तेही पाहा. नसेल तर बँका सहसा कर्ज देत नाहीत.

आणि दारापुढचं अंगण किमतीत धरू नका. तिथे जाळी दुरुस्त होतात, बोंबील वाळतात. ही वहिवाट घरांपेक्षा जुनी असू शकते, आणि ती मोडणाऱ्याला वस्तीत शेजार मिळत नाही.

प्रश्न : समुद्राकडच्या खिडक्यांची स्टीलची ग्रिल वर्षभरातच तांबूस झाली. – एक वाचक, सात बंगला

उत्तर : बहुधा ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील असेल. किनाऱ्यावर ३१६ घ्या आणि दर पंधरवड्याला साध्या पाण्याने धुवा. स्क्रूही त्याच प्रतीचे हवेत. लोखंडी स्क्रू लावला तर तो लवकर गंजतो आणि त्याचे ओघळ ग्रिलवर उतरतात.