ढगाळ हवा असेल तर ग्रहाचं अधिक्रमण बघायला बाहेर पडण्यात काही अर्थ आहे का?

आहे. बाहेर पडाच.

तुम्ही लिहिलंय की २०३२ चं बुधाचं अधिक्रमण (म्हणजे बुध सूर्याच्या बिंबावरून ठिपक्यासारखा सरकत जाणं) पुण्यातून बघायचा विचार आहे, पण ऐनवेळी ढग आले तर सगळी तयारी फुकट जाईल, 'त्यापेक्षा घरी बसून थेट प्रक्षेपण बघितलं तर काय वाईट?' आणि शेवटी दुर्बीण कोणती घ्यावी असंही विचारलंय. दुर्बिणीचं नंतर सांगते. ते 'त्यापेक्षा घरी बसून' मी ५ जून २०१२ च्या रात्री फोनवर ऐकलंय आणि त्यापायी कोणाचं काय गेलं तेही बघितलंय, म्हणून उत्तर लांबणार आहे.

दुसऱ्या दिवशी, ६ जूनला, शुक्राचं अधिक्रमण होतं. पुण्यात सूर्य उगवेल तेव्हा शुक्र आधीच बिंबावर आलेला असणार आणि दहा वाजून गेल्यावर कडेला लागून सतरा-अठरा मिनिटांत बाहेर पडणार, असं गणित होतं. म्हणजे हातात चार तासांहून जास्त वेळ. आमचा गट कुठल्या संस्थेचा नव्हता, आकाश बघणाऱ्या ओळखीच्या लोकांचा होता. दांडेकर पुलाजवळच्या एका वस्तीत अभ्यासिका चालायची, तिथल्या मुलांना पर्वतीवर न्यायचं ठरलं होतं. सुट्टी होती, शाळा उघडायच्या होत्या. मे महिनाभर आम्ही त्यांच्याकडे जात होतो. मुलांनी सूचीछिद्राच्या, म्हणजे बारीक भोकातून सूर्याची प्रतिमा पाडायच्या, पेट्या स्वतः केल्या होत्या. एका मुलीला तर दोन अधिक्रमणांमधली अंतरं पाठ होती: ८ वर्षं, मग एकशे साडेपाच, मग परत ८, मग एकशे साडेएकवीस. २००४ चं झालं, आता २०१२, त्यानंतर थेट ११ डिसेंबर २११७. हे तिने फळ्यावर लिहून इतरांना समजावलं होतं.

पाच तारखेला रात्री एसएमएस आला: ढगाळ हवामानामुळे कार्यक्रम रद्द. आमच्या गटातले एक ज्येष्ठ सर कार्यक्रमाचं सगळं बघत होते, त्यांनी अभ्यासिकेतल्या ताईंनाही परस्पर कळवून टाकलं होतं. मी लगेच फोन केला. म्हणाले, "अगं, केरळात आजच मान्सून पोचलाय, इथे आभाळ भरलंय. मुलांना पहाटे उठवून काय ढग दाखवायचे? हवाईतल्या मौना केआवरून नासाचं थेट प्रक्षेपण आहे, त्यापेक्षा घरी बसून तेच बघू." मी म्हटलं, अभ्यासिकेत संगणक कुठे आहे? त्यावर, "नंतर सीडी करून दाखवू." ताईंचा फोन लागला नाही. सीडी कधीच झाली नाही.

आम्ही चौघं तरीही गेलो. ८० मिमीची भिंगाची दुर्बीण, तिपाई, प्रतिमा पाडायची पुठ्ठ्याची पेटी, सौरचष्मे असं सगळं घेऊन पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढलो. हडपसरच्या बाजूला सगळं करडं. सूर्योदयाची वेळ आली आणि गेली, आभाळात काही फरक नाही. मग भुरभुर सुरू झाली, दुर्बिणीवर प्लास्टिक आणि त्यावर छत्री धरून उभे राहिलो. रोज पर्वती चढणारी माणसं थांबून विचारायची आणि उतरून जायची. एक आजोबा मात्र नातवाला घेऊन बसून राहिले. त्यांनी २००४ चं बघितलं होतं म्हणे.

आठ वाजून गेल्यावर ढगांचा थर पातळ झाला आणि पुठ्ठ्यावर फिकट बिंब उमटलं. फोकस आम्ही आदल्या दिवशी दुपारी लख्ख सूर्यावर लावून नळीवर पेन्सिलीने खूण करून ठेवला होता, म्हणून त्यात एक क्षणही गेला नाही. सूर्याची प्रतिमा साधारण दहा सेंटीमीटरची, त्यावर शुक्र तीन मिलिमीटरचा, साबुदाण्याएवढा. पण काय काळा! त्या दिवशी बिंबावर सौरडागही होते, ते शेजारी राखाडी आणि कडेने विस्कटलेले दिसत होते. शुक्र मात्र काटेकोर गोल. पृथ्वीच्या जवळजवळ एवढा अख्खा ग्रह आपल्या आणि सूर्याच्या मधून जातोय हे तेव्हा अंगावर येतं. चित्रात येत नाही. मी चित्रं खूप बघितली आहेत, म्हणून ठामपणे सांगते.

उतरायला निघालेली माणसं परत वर आली. त्या नातवाने तर पुठ्ठ्याला नाक लावलं. ढग येत होते, जात होते, बिंब उमटत होतं, पुसत होतं. दर फटीला नवी पाच-दहा माणसं बघून घेत होती. दहानंतर मात्र ढग मिटले ते मिटलेच. शुक्र कडेवरून बाहेर पडताना आम्हाला दिसला नाही.

काही दिवसांनी अभ्यासिकेत गेले तेव्हा त्या मुलीने विचारलं, "ताई, दिसलं का?" मी म्हटलं, हो. "मग आम्हाला का नाही बोलावलं?" पायथ्याशीच राहत होती ती. चालत पंधरा मिनिटं. आणि पुढचं अधिक्रमण कधी, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

सरांशी माझा यावरून वाद झाला आणि तो अजून संपलेला नाही. त्यांचं म्हणणं असं की शेवटचा स्पर्श, म्हणजे शुक्र कडेवरून पूर्ण बाहेर पडतो तो क्षण, दिसला नाही, वेळा नोंदवता आल्या नाहीत, मग त्या काही मिनिटांना काय किंमत? ही भूमिका मला साफ नामंजूर आहे. पूर्वी अशा वेळांवरून सूर्याचं अंतर काढायचे, पण आज ते मोजायला आपल्या घड्याळांची कोणाला गरज नाही. आपण बघायला जातो, आणि बघायला एक फट पुरते. ज्यांनी हे पहिल्यांदा बघितलं त्यांनी कुठे निरभ्र आकाश मागितलं होतं? खगोलज्ञ केपलरने १६३१ च्या बुधाच्या अधिक्रमणाचं भाकीत केलं आणि चूक राहिली असेल तर, म्हणून आधीच्या-नंतरच्या दिवशीही लक्ष ठेवा असं सांगितलं. तो स्वतः १६३० मध्येच गेला. पॅरिसमध्ये गासेंदी हा खगोलज्ञ ५ नोव्हेंबरपासून तयारीत होता. पाच आणि सहा तारीख पावसा-ढगांत गेली. सातला सकाळी ढगांच्या फटींतून त्याला एक ठिपका दिसला, तो इतका लहान की आधी त्याला सौरडागच वाटला. तोच बुध. १६३९ मध्ये इंग्लंडात हॉरॉक्स या खगोलज्ञाला शुक्र दिसला तो सूर्यास्ताला जेमतेम अर्धा तास उरला असताना, ढग सरल्यावर. यातल्या कोणी आदल्या रात्री बेत रद्द केला असता तर?

सर यावर नेहमी ल जाँतीचं उदाहरण देतात. हा फ्रेंच खगोलज्ञ १७६१ च्या अधिक्रमणासाठी पुदुच्चेरीला निघाला, पण इंग्रजांनी गाव घेतलेलं. त्या दिवशी तो भर समुद्रात हलत्या जहाजावर होता. मग पुढच्या अधिक्रमणासाठी आठ वर्षं इकडेच राहिला आणि १७६९ ला पुदुच्चेरीत नेमके ढग आले. पॅरिसला परतला तर तिथे त्याला मृत समजून मोकळे झालेले. सर म्हणतात, "बघ, काय मिळालं?" मी म्हणते, पुदुच्चेरीतल्या मुक्कामात त्याने एका तमिळ माणसाकडून आपल्याकडची ग्रहणं काढायची रीत शिकून घेतली आणि युरोपात नेली, ते मिळालं. आणि ढग असतानाही तो दुर्बिणीपाशीच होता. त्याला कोणी रद्दचा निरोप पाठवला नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाकडे. ढगांची भीती खग्रास सूर्यग्रहणाला रास्त आहे, कारण खग्रास स्थिती काही मिनिटांचीच. २२ जुलै २००९ ला बिहारमध्ये तारेगनाला केवढी गर्दी जमली होती आणि ढगांनी सगळं झाकलं. तसं अधिक्रमणाचं नाही. ते तासन् तास चालतं. 'ढगाळ' असा अंदाज अख्ख्या दिवसासाठी, अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो, तुमच्या डोक्यावरच्या, सूर्याचं बिंब मावतं त्या अर्ध्या अंशासाठी नसतो. म्हणून निर्णय जागेवर उभं राहून घ्यायचा.

२०३२ चं अधिक्रमण १३ नोव्हेंबरला आहे, शनिवारी. पुण्यात दुपारी बारा-सव्वाबाराच्या सुमारास सुरू होऊन साडेचारनंतर थोड्याच वेळात संपेल, म्हणजे सूर्यास्ताच्या आत सगळं. २०१६ ला तसं नव्हतं, तेव्हा पावणेपाचच्या सुमारास सुरू झालं आणि बुध बिंबावर असतानाच सूर्य मावळला. २०१९ चं तर आपल्याकडे सूर्यास्तानंतरच सुरू झालं. नोव्हेंबरात पुण्याचं आभाळ जूनपेक्षा किती तरी बरं असतं, तेव्हा तुम्ही उगाच घाबरताय.

दुर्बिणीशिवाय मात्र चालणार नाही. शुक्र सूर्याच्या व्यासाच्या बत्तिसाव्या भागाएवढा होता, नुसत्या सौरचष्म्यातूनही दिसला. बुध त्या वेळी जवळजवळ दोनशेव्या भागाएवढा असेल. ६० ते ८० मिमीची भिंगाची साधी दुर्बीण पुरे. वर्धन (प्रतिमा किती पट मोठी दिसते ते) चाळीस-पन्नासच्या आसपास ठेवा, अख्खं बिंब नजरेत राहील. जास्त वर्धन लावलंत तर ढगांच्या फटीत सूर्य शोधण्यातच वेळ जाईल. एरवी दुर्बिणीची सावली बघून नेम धरतात, ढगात सावलीच नसते, हेही लक्षात ठेवा. पण आत्ता घाईने विकत घेऊ नका. आधी कोणाच्या तरी दुर्बिणीतून बघायला शिका. टिळक रोडला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था. तिथे जा.

फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला लावायचा, नेत्रिकेला (डोळा लावतो त्या बाजूच्या भिंगाला) लावायचा मिळाला तर फेकून द्या. फिल्टरची फिल्म घेताना डोळ्याने सूर्य बघण्यासाठी असते ती, ५ घनतेची घ्या (घनता म्हणजे ती किती प्रकाश अडवते ते). ३.८ ची फक्त फोटोसाठी असते. प्रतिमा पाडणार असाल तर नेत्रिका प्लास्टिकची नको.

थेट प्रक्षेपणाला माझा विरोध नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला किंवा धो धो पाऊस असेल तिथे ते चांगलंच आहे. मला चीड येते ती ते आदल्या रात्रीच पर्याय म्हणून पुढे केलं की. आणि विजा चमकत असतील तर टेकडीवर थांबू नका, सरळ खाली या. तेवढ्या एका कारणासाठी मी स्वतः रद्द करीन.

सगळ्यात मोठा धोका पातळ ढगांचा आहे. तेव्हा सूर्य डोळ्यांना सहन होतो, म्हणून माणसं चष्मा काढतात, फिल्टर बाजूला करतात. उजेड कमी झालेला असला तरी अवरक्त किरण येतच असतात आणि डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत. पर्वतीवर आम्ही अशा कित्येकांना हात धरून थांबवलं. फाइंडरला (नेम धरायला दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीला) झाकण घाला किंवा तो काढूनच ठेवा. लहान मुलं असतील तर एक माणूस फक्त दुर्बिणीशेजारी उभा राहायला ठेवा आणि त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका.