खिडकीवरची फॉइल

एप्रिलच्या शेवटी जुळे सोलापूरच्या एक ताई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) समोरच्या गच्चीवर मोबाईल टॉवर उभा राहिल्यापासून डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. "घरचे म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ आहेत," एवढं सांगताना त्यांचा गळा दाटून आला.

मी म्हटलं, "ताई, डोकं तुमचंच दुखतंय ना? मग ते खरंच आहे." आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. बीपी, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय धडधडीचं खापर मनावर फोडू नये, हा माझा नेमच आहे. रिपोर्ट नॉर्मल आले.

मग खरा प्रश्न बाहेर आला. "मॅडम, कॅन्सर होतो ना याने?" त्यांची आई कॅन्सरने गेली होती. अशा माणसाला 'काही होत नाही हो' म्हणून वाटेला लावणं मला जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना (फोन आणि टॉवर याच वापरतात) '२ बी' म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं, हे खरं. पण त्या गटाचा अर्थ, पुरावा तोकडा आहे, शंका पुरती फिटलेली नाही. आणि तो तोकडा पुरावाही कानाला लावून वापरायच्या फोनबद्दलचा होता, टॉवरबद्दलचा नव्हे. एक्स-रेसारखी डीएनए तोडायची ताकद या लहरींत नसते. शिवाय टॉवरसाठी २०१२ पासून आपल्याकडे आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकीच मुभा आहे. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर पैसे भरून टॉवरच्या लहरींची मोजणीही मागता येते, हे सांगितल्यावर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या भेटीत त्यांनी मोबाईलमधला फोटो दाखवला. बेडरूमची खिडकी वरपासून खालपर्यंत चंदेरी फॉइलने मढवलेली, पोळ्या गुंडाळतो तीच, कडांना खाकी चिकटपट्टी. लहरी आत येऊ नयेत म्हणून. सोलापूरचा उन्हाळा, वरची स्लॅब दिवसभर तापलेली आणि खोलीत वाऱ्याची झुळूक नाही! त्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टॉवरचे व्हिडिओ बघणं.

तेव्हा मी त्यांना प्रयोगांबद्दल सांगितलं. लहरींचा त्रास होतो म्हणणाऱ्यांना यंत्र चालू की बंद हे न सांगता बसवलं, तर त्यांना ते ओळखता येत नाही. पण 'चालू आहे' असं वाटलं की डोकं खरोखर दुखतं. पहिल्याच भेटीत हे बोलले असते, तर घरच्यांचंच वाक्य त्यांना माझ्या तोंडून ऐकू आलं असतं.

फॉइल काढा, असं मी एकदाही म्हटलं नाही. आठ दिवस रात्री फोन हॉलमध्ये ठेवायचा आणि झोपेची वेळ वहीत मांडायची, इतकंच ठरलं. पाचव्या दिवशी त्यांनीच एका झडपेची फॉइल सोलली. वहीत त्या रात्रीपुढे लिहिलं होतं: "साडेअकरा ते पाच. पहाटे गार वारा आला."

टॉवर बसवताना शेजाऱ्यांना कुणी विचारलं नाही, हा राग अजून आहे. तो रास्तच आहे. मोजणीचा अर्ज त्या पुढच्या आठवड्यात भरणार आहेत. दुसऱ्या झडपेवर फॉइल आहे अजून.