नागपूरला गेलेला फोन आणि खिशातले सिम

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रविवारी संध्याकाळी अनोळखी नंबरावरून दोनदा फोन वाजला आणि मी तो दोन्ही वेळा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा तुझ्या आईच्या साध्या मोबाईलवरून तू बोलत होतास. कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारायचे औषध कालवताना शर्टाच्या वरच्या खिशातला फोन ड्रममध्ये पडला, घरी आणून तो दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला, मग आर्वीच्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि बोर्ड नागपूरला पाठवावा लागेल, पंधरा दिवस तरी जातील असे सांगितले, हे सगळे तू एका दमात सांगितलेस आणि शेवटी म्हणालास, "काकाजी, आता माझे काहीच चालत नाही." त्या शेवटच्या वाक्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तुझ्या आईच्या फोनची बॅटरी आणि माझे कान ही दोन्ही फार वेळ टिकत नाहीत, आणि आयुष्य डाकघरात गेलेल्या माणसाला चार गोष्टी कागदावरच नीट सांगता येतात.

आधी तांदळाचे सांगतो, कारण ते तातडीचे आहे. भिजलेला फोन तांदळात ठेवला की तांदूळ पाणी ओढून घेतो, हा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात तांदळाची भुकटी फोनच्या फटींत जाऊन बसते, आणि म्हणूनच अॅपल कंपनीने २०२४ साली आपल्या ग्राहकांना असे करू नका म्हणून लेखी सांगितले. भिजलेला फोन लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये, सिम काढून घ्यावे आणि लवकर उघडून साफ करवून घ्यावा, एवढेच आपल्या हाती असते. पण तुझा फोन साध्या पाण्यात पडलेला नाही, औषधाच्या पाण्यात पडलेला आहे. तो डबा अजून स्वयंपाकघरात असेल तर आजच बाहेर काढ. ते तांदूळ कोंबड्यांनाही घालू नकोस, धुऱ्याच्या कडेला, विहिरीपासून दूर खड्डा करून पुरून टाक.

आता तुझ्या "काहीच चालत नाही"कडे येतो. नागपूरला गेला आहे तो हँडसेट. नंबर अजून तुझ्याजवळ, कागदाच्या पुडीत बांधलेला आहे. बँकेत, तलाठ्याकडे, गॅसच्या एजन्सीत आणि विहिरीवरच्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये तुझा तो नंबर नोंदलेला आहे, आणि यातल्या बहुतेक कामांना मोठा पडदा लागतच नाही. रात्रीच्या पाळीची थ्री फेज लाईन आली की स्टार्टरला फोन लावून मोटार चालू करणे हे साध्या बटणांच्या फोनवरूनही जसेच्या तसे होते. म्हणून पहिले काम हे, की घरात पडून असलेला जुना बटणांचा फोन शोधावा आणि त्यात तुझे सिम घालावे.

हे वाटते तितके सरळ नाही. तुझे सिम नखाएवढे, नॅनो आकाराचे आहे आणि जुन्या फोनमधली खाच त्याच्या दुपटीहून लांब आहे. काही लोक ते कागदाची घडी घालून किंवा चिकटपट्टी लावून कोंबतात. मग ते आत अडकते, ओढताना खाचेतल्या पितळी जिभा वाकतात आणि दुसरा फोनही दुरुस्तीला जातो. त्यासाठी प्लास्टिकची चौकट मिळते, तिच्यात सिम बसवूनच फोनमध्ये सरकवावे. दुसरी अडचण अशी की काही कंपन्यांची सेवा फक्त फोरजी किंवा त्याच्या पुढच्या नेटवर्कवरच चालते. त्यांचे सिम टूजीच्या जुन्या फोनमध्ये घातले तर दिवसभर नेटवर्क शोधत बसेल आणि तुला वाटेल सिमही बुडाले. तसे झाले तर तालुक्याला धाव घेऊ नकोस, फोरजी चालणारा बटणांचा फोन पंधरा दिवसांपुरता कोणाकडून मागून घे.

सिम चालू झाले की बँकेचे ओटीपी त्याच फोनवर येऊ लागतील. इथे एक बारीक गोष्ट आहे, जिच्यापायी मी स्वतः एकदा बँकेच्या काउंटरसमोर अर्धा तास घामाघूम उभा होतो. जुन्या फोनमध्ये मोजकेच संदेश मावतात. ती जागा रिचार्जच्या जाहिरातींनी भरली की नवा संदेश आत येत नाही आणि फोन तसे धड सांगतही नाही, वरच्या कोपऱ्यात नुसते एक पाकीट लुकलुकत राहते. आधी जुने संदेश पुसून टाक. आणि मराठीतला एखादा संदेश चौकोनांची ओळ होऊन आला तर घाबरू नकोस. त्या फोनला देवनागरी येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नंबरांची यादी मात्र रिकामी दिसेल, कारण तुझे नंबर सिममध्ये नव्हते, गुगलच्या खात्यात होते. तिथून ते परत मिळतील, पण त्यासाठी कोणाच्या दुकानातल्या संगणकावर आपल्या खात्याचा पासवर्ड टाकू नकोस. बाबांच्या हिशेबाच्या वहीची मागची चार पाने घे आणि विचारून विचारून नंबर लिहून काढ. पहिल्या ओळीत ११२ आणि १०८ लिही, ते पाठ असले तरी लिही, कारण भाद्रपदात रात्री ओलिताला गेलेल्या माणसाला पान लागले, म्हणजे साप चावला, तर फोन लावणारी तुझी आई असेल, तू नसशील. त्याच कारणासाठी एक हातबॅटरीही विकत आण. मोबाईलच्या उजेडावर धुऱ्याने चालायची सवय तुम्हा सगळ्यांना लागली आहे आणि तो उजेड आता नागपूरला आहे.

नंबर लिहून घेतल्यावर समोरच्याला तो उलट वाचून दाखव. डाकेच्या नोकरीत मी हे एका गावाच्या नावावरून शिकलो. आपल्या जिल्ह्यातल्या सेगावी गांधीजी १९३६ साली राहायला आले, पण त्यांची टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊन पडू लागली, आणि शेवटी १९४० मध्ये गावाचेच नाव बदलून सेवाग्राम करावे लागले. तिथे एका अक्षराचा घोळ होता. तुझ्या वहीत एका आकड्याचा होईल.

पैशांचे काम तू समजतोस तितके अडलेले नाही. निंदणाच्या बायांचा हप्ता तू दर बाजाराच्या दिवशी मुकडदमीणबाईच्या मुलाच्या फोनवर टाकत होतास. या दोन आठवड्यांत तो रोख द्यावा लागेल, म्हणून बाजाराच्या आदल्या दिवशीच पैसे काढून आण आणि नुसत्या पाचशेच्या नोटा आणू नकोस. आठ बायांत पाचशेच्या नोटा वाटता येत नाहीत आणि बाजाराच्या दिवशी सुटे कोणी देत नाही. आर्वीला जाणे जमले नाही तर बँकमित्राकडे किंवा आपल्या पोस्टमनकडे आधार आणि अंगठ्यावर रक्कम निघते. अंगठा लागला नाही तर दुसरे बोट लाव. कापूस वेचून आणि विळा धरून आपल्या लोकांची बोटे झिजलेली असतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पावती मात्र घेतल्याशिवाय उठू नकोस. मशीन "व्यवहार अयशस्वी" म्हणाले तरी त्याचीही पावती माग, कारण खात्यातून रक्कम वजा झालेली निघाली तर तोच एक पुरावा असतो.

साध्या फोनवरून *९९# लावून शिल्लक पाहता येते आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पैसेही पाठवता येतात. त्याला इंटरनेट लागत नाही. पहिल्या वेळी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत विचारली जाते, म्हणून कार्ड जवळ घेऊन बस. तुझ्या सिमवर ही सेवा लागते की नाही, हे नुसती शिल्लक पाहून आधी आजमाव, कोणाला पैसे द्यायच्या घाईत पहिला प्रयोग करू नकोस.

एक गोष्ट मात्र करू नकोस, आणि ती तू करशील अशी मला शंका आहे. मित्राच्या स्मार्टफोनमध्ये आपले सिम घालून त्यावर आपले व्हॉट्सअॅप आणि पैशांचे अॅप चालू करण्याचा मोह होईल. मित्र चांगला असेल, पण त्याचा फोन त्याची लहान भावंडे खेळायला घेतात, आणि पंधरा दिवसांनी तू सिम काढून घेशील तेव्हा अॅप काढायचे दोघेही विसराल. व्हॉट्सअॅप तुझ्या ताईच्या लॅपटॉपवर आधीच जोडलेले आहे ना? मग ते तिथे चालू राहील. मूळ फोन बंद असला तरी जोडलेले यंत्र चालते. पण मूळ फोन १४ दिवसांहून अधिक काळ वापरात नसला तर ते आपोआप बाहेर काढले जाते, आणि तुझ्या दुरुस्तीवाल्याने पंधरा दिवस सांगितले आहेत. म्हणून जे कागद, पावत्या आणि फोटो तिथे आहेत ते ताईला या आठवड्यातच उतरवून ठेवायला सांग. तेराव्या दिवसाची वाट पाहू नकोस.

ई-पीक पाहणीची, म्हणजे आपल्या पिकाच्या सरकारी नोंदीची, मुदत चालू आहे, तिचीही तुला काळजी आहे. २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून मोबाईलवरून करायची असते हे खरे, पण एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. शेजारच्या कास्तकाराला बरोबर घेऊन वावरात जा आणि त्याच्या फोनवरून तुमच्या गटाची नोंद उरकून घे. यात बँकेचे काही लागत नाही, म्हणून मित्राच्या फोनबद्दलचा माझा आक्षेप इथे नाही.

आता ज्यासाठी मला खरे म्हणजे लिहायचे होते ते. तू म्हणालास की आता किडीचा फोटो पाठवता येत नाही, मग औषध कोणते घ्यायचे ते कसे कळणार. पोरा, तीन वर्षे तू बोंडाचा फोटो काढून कृषी केंद्रवाल्याला पाठवतो आहेस आणि तो बाटलीचा फोटो उलट पाठवतो आहे. फोटो पाहून बाटली सुचवणारा माणूस बाटली विकणाराही असतो, हे मी तुला मागेच सांगायला हवे होते. या पंधरा दिवसांत दुसरी रीत धर. सकाळी दव असतानाच वही घेऊन पऱ्हाटीत शिर. बांधाच्या कडेची झाडे सोडून दे आणि आत जाऊन फुले पाहा. जे फूल उमलायच्या वेळी उमलत नाही, ज्याच्या पाकळ्या एकमेकींना आतून शिवल्यासारख्या चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात, ती डोमकळी. तिची पाकळी नखाने सोडव. आत परागांच्या पिवळ्या भुकटीत पांढुरकी, काळ्या डोक्याची, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक अळी दिसेल. तीच पुढे बोंडात शिरून गुलाबी होते. शंभर फुलांत अशा किती निघाल्या ते लिही. हिरवी बोंडे धरली असतील तर वावराच्या वेगवेगळ्या भागांतून वीस तोडून फोड आणि किती किडली तेही लिही. वीसांत दोन म्हणजे दहा टक्के, आणि फवारणीचा विचार तिथून सुरू होतो. कामगंध सापळ्यांत, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यांत, सलग तीन रात्री दर सापळ्यामागे रोज आठ किंवा अधिक पतंग पडले, तरीही तोच इशारा समजावा.

हे आकडे हातात घेऊन मग १८०० १८० १५५१ या किसान कॉल सेंटरच्या नंबरावर फोन लाव. तो फुकट आहे, सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो आणि मराठीत बोलतात. तू म्हणालास, "अळी आहे," तर तिकडचा माणूस तुला दहा प्रश्न विचारील; तू म्हणालास, "पेरणीला सत्तर दिवस झाले, शंभरात सात डोमकळ्या, सापळ्यात रोज चार-पाच पतंग," तर तो लगेच कामाचे बोलेल. आणि कदाचित फवारू नको असेही म्हणेल, जे तुला बाटली विकणाऱ्याकडून आजवर कधी ऐकायला मिळालेले नाही. पावसाच्या अंदाजासाठी बाबांचा रेडिओ माळ्यावरून उतरव. नागपूर आकाशवाणी मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला लागते. शेजारी एलईडीचा दिवा चालू असेल तर खरखर येते, दिवा बंद कर.

दुरुस्तीच्या दुकानाबद्दल थोडेसे. तू पावती घेतली नाहीस, हे तू सांगितले नाहीस तरी तुझ्या बोलण्यावरून कळले. उद्याच जा आणि फोनच्या डब्यावर छापलेला पंधरा आकडी आयएमईआय नंबर घालून पावती लिहून घे, तीत काय बिघडले आहे आणि अंदाजे किती खर्च येईल तेही लिहिलेले असू दे. तिथे फोनचा पॅटर्न किंवा पिन चिठ्ठीवर लिहून फोनच्याच पाठीला चिकटवायची पद्धत असते. तुझा फोन सुरूच होत नाही, तेव्हा त्यांना आत्ता त्याची गरज नाही. दुरुस्त होऊन आला की समोर बसून स्वतः उघडून दाखव. आणि आतली माहिती पुसू नका, पुसावी लागली तर आधी विचारा, असे पावतीवर लिहायला लाव. माझा फोन एका दुकानात नुसता चार्जिंगची खाच बदलायला दिला होता, तो कोरा होऊन परत आला. त्यात आमच्या धुऱ्याच्या मोजणीच्या "क" प्रतीचा फोटो होता, आणि मूळ प्रत त्याआधीच्या पावसात गळक्या कोठीत भिजून गेली होती. दुकानदार म्हणाला, तुम्ही सांगितले नव्हते. ते खरेच होते. नवी नक्कल काढायला मला भूमी अभिलेखच्या कार्यालयात चार खेपा पडल्या.

पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळते. दोन-तीन घेऊन ठेव, फोन परत आला की नाही ते मला एकावर कळव. फोन लावलास तर मी पुन्हा अनोळखी नंबर समजून उचलणार नाही. या पत्राच्या दुसऱ्या पानाच्या तळाशी चिकटपट्टीखाली सिमची एक काळी चौकट लावली आहे. माझ्या टेबलाच्या खणात ती कितीतरी दिवस पडून होती. चिकटपट्टी हळू काढ, चौकटीचा एक कोपरा फार पातळ आहे.

तुझ्या बाबांना नमस्कार.

तुझा,
काकाजी