रिपोर्ट नॉर्मल, जखम मात्र तशीच

प्रश्न : मी भौतिकशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या वर्षी बूट घासून त्यांच्या पायाच्या अंगठ्याला फोड आला आणि तो चिघळला. पायाचा रक्तपुरवठा तपासला, घोट्याचा आकडा १.३ आला आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असं लिहून मिळालं. दोन महिन्यांनी अंगठा काढावा लागला. तेव्हापासून पायातलं रक्त वाहताना दिसेल अशा यंत्रांवर काम करावं असं डोक्यात आहे. बाबा म्हणतात, एवढ्याशा विषयात करिअर होत नाही, आवडच असेल तर डॉक्टर हो. मला रक्त पाहिलं की गरगरतं. मी काय शिकू?

उत्तर : तुझ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील तू एका ओळीत उरकला आहेस. तो म्हणजे १.३. आधी तो उलगडू, कारण तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात, तसा घोट्यालाही बांधून मोजतात आणि घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागतात. एवढीच ती चाचणी. भागाकार ०.९ किंवा त्याहून कमी आला की पायाच्या धमन्या कुठेतरी अरुंद झाल्यात असं धरतात. १ ते १.४ म्हणजे ठीक. पण पट्ट्याने मोजायचं तर पट्ट्याखालची धमनी दबायला हवी ना! जुन्या मधुमेहात किंवा मूत्रपिंडाच्या आजारात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं आणि ती कडक होते. मग पट्टा जो आकडा दाखवतो त्यात रक्ताचा दाब किती आणि भिंतीचा ताठरपणा किती, हे वेगळं काढता येत नाही. धमनी अरुंद झाली की आकडा उतरतो, ताठर झाली की चढतो. दोन्ही एकाच पायात असेल तर आकडा नेमका मधल्या, निर्धास्त करणाऱ्या जागी येऊन बसू शकतो. म्हणून अशा रुग्णांच्या अंगठ्याचा दाब मोजतात, कारण बोटांतल्या बारीक धमन्या या ताठरपणातून बहुतेक वेळा सुटलेल्या असतात. तिथला दाब दंडाच्या दाबाच्या ०.७ पटीहून कमी निघाला तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरखाली गेला तर जखम आपली आपण भरण्याची आशा फार थोडी.

तुझ्या आजोबांचं हेच झालं असं मी पत्रावरून म्हणणार नाही. जंतुसंसर्ग, बधिर झालेलं पाऊल, त्याच जागी पुन्हा पुन्हा पडणारा भार, यांचाही वाटा असतो. पण यंत्र बिघडलेलं नव्हतं, भागाकार चुकला नव्हता आणि तरीही निष्कर्ष फसू शकतो, हे वाचून तुला राग आला की कुतूहल वाटलं? राग आला तर तो स्वाभाविकच आहे. कुतूहलही वाटलं असेल तर पुढचं वाच.

पायाच्या रक्तप्रवाहाचं चित्र ही एक गोष्ट नाही, दोन आहेत. मोठ्या नळ्यांतून रक्त किती येतं, ही पहिली. आलेलं रक्त कातडीपर्यंत आणि जखमेच्या काठापर्यंत पोचतं का, ही दुसरी. पहिल्या प्रश्नावरची साधनं आज दवाखान्यांत रोज वापरली जातात. दुसऱ्यावरचं काम अजून बरंच प्रयोगशाळेत आहे आणि तुझ्यासारख्यांची गरज तिथे जास्त आहे.

पहिल्या प्रश्नातलं मुख्य साधन डॉपलर : कानाला न ऐकू येणारा ध्वनी आत सोडायचा आणि वाहत्या रक्तावरून परतताना त्याची पट्टी किती बदलली यावरून प्रवाहाचा वेग ओळखायचा. विद्यार्थ्यांना सल्ला देण्याआधी ते काम बघावं, म्हणून मी एकदा रक्तवाहिन्यांच्या तपासणी कक्षात एक सकाळ बसले होते. तंत्रज्ञ बाईंनी एका गृहस्थांच्या पावलाच्या वरच्या बाजूला जेल लावलं, पेन्सिलीएवढा प्रोब टेकवला आणि स्पीकरमधून नुसती खरखर आली. त्यांनी प्रोब केसभर सरकवला आणि एकदम लय सुरू झाली. निरोगी पायात प्रत्येक ठोक्याला तीन हेलकावे ऐकू येतात : पुढे, किंचित मागे, पुन्हा पुढे. या गृहस्थांच्या पायात एकच होता, लांबलेला आणि दमल्यासारखा. पडद्याकडे न बघताच बाई म्हणाल्या, “वरती कुठेतरी अडलंय.” मग मला त्यांनी प्रोब काटकोनात धरून दाखवला आणि आवाज जवळजवळ गेला. तुला कारण कळलंच असेल, सूत्रात प्रोब आणि प्रवाह यांच्यातल्या कोनाचा कोसाइन आहे आणि काटकोनात तो शून्य होतो. ख्रिश्चन डॉपलरने हे तत्त्व १८४२ मध्ये मांडलं ते जोडताऱ्यांच्या रंगांसाठी, पावलांचा विचारही त्याच्या मनात नसावा.

अडथळा नेमका कुठे आहे हे बघायला क्ष-किरणांत उठून दिसणारं द्रव्य रक्तात सोडून सीटी किंवा अँजिओग्राफी करतात. बाबांना इथली एक हकीकत जरूर सांग. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये एका ८२ वर्षांच्या बाईंचा पाय काढायचं ठरलं होतं आणि त्या तयार नव्हत्या. चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने मांडीतल्या अरुंद धमनीतून एकाहून एक जाड नळ्या सरकवत वाट मोकळी केली. पाऊल वाचलं आणि बाई पुन्हा चालल्या. चित्रं काढणाऱ्या माणसाने उपचारांची एक अख्खी शाखा सुरू केली. ‘एवढासा विषय’ म्हणताना हे लक्षात असलेलं बरं.

आता दुसरा प्रश्न. मोठी धमनी मोकळी झाली तरी जखमेपाशी रक्त पोचेलच असं नाही. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या सात-आठ हजारांश भागांएवढी, आणि केशवाहिनीही साधारण तेवढीच. तिथे डॉपलरचं चित्र पोचत नाही, म्हणून प्रकाशाची मदत घेतात. एक रीत अशी : इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग शिरेतून देतात, तो अवरक्त प्रकाशात चमकतो आणि पाऊल कुठून कसं उजळत जातं हे कॅमेऱ्यात दिसतं. हा रंग १९५९ पासून वापरात आहे आणि तो यकृतातून बाहेर पडतो, त्यामुळे मूत्रपिंड अधू असलेल्यांनाही सहसा चालतो. पण सुई टोचावी लागतेच.

न टोचता बघण्याच्या रीतींपैकी लेझर स्पेकल ही तुझ्या हाताशी येण्यासारखी आहे. लेझरचा ठिपका भिंतीवर पडला की तो गुळगुळीत दिसत नाही, कणीदार दिसतो. तीच कणी कातडीवरही दिसते, पण खाली पेशी वाहत असतील तिथे ती कॅमेऱ्यात पुसट होते. जितकं जोरात वाहणं, तितकी पुसट. फर्चर आणि ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये या पुसटपणातूनच प्रवाहाचा नकाशा काढता येतो हे दाखवलं. कमी ताकदीचा लेझर डायोड, भिंग, साधा कॅमेरा आणि थोडं प्रोग्रॅमिंग एवढ्यावर हा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. सरांच्या देखरेखीखाली कर आणि डोळ्यांची काळजी घे. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून दोन मिनिटं फुगवलास तर बोटांचा नकाशा मंदावेल आणि पट्टा सोडताच नेहमीपेक्षा जास्त उजळेल. अडलेलं रक्त मोकळं झालं की शरीर काही वेळ भरभरून देतं. हे एकदा स्वतःच्या बोटांवर पाहा आणि मग मला सांग, तुला हा विषय खरंच हवा आहे की आजोबांच्या दुःखातून तो तुला हवासा वाटतोय. दुसऱ्या कारणात कमीपणा काही नाही, पण तेवढ्यावर दहा वर्षं निघत नाहीत.

स्पेकलची मर्यादाही लगेच कळेल, त्याची नजर मिलिमीटरभरही खोल जात नाही. खोल जायला ६५० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. तो सेंटिमीटरभर आत शिरतो खरा, पण इतका विखुरतो की बाहेर आलेल्या उजेडावरून आतलं चित्र मांडणं हे गणितातलं अवघड कोडं होऊन बसतं. प्रकाश आत सोडून, तो रक्तात शोषला गेल्यावर उठणारा ध्वनी ऐकण्याचीही एक पद्धत आहे. शिवाय कातडीचा रंग आडवा येतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या रुग्णांत ऑक्सिजनची घट गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा हुकवतो, असं २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. पावलाच्या प्रकाशयंत्रांनीही हाच खड्डा ओलांडायचा आहे. आजोबांच्या रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’ शब्द इथे आठव : कुणाचा पाय नॉर्मल धरून यंत्र बेतलं, हा प्रश्न इथेही आहेच.

आता शिक्षणाच्या वाटा. रुग्णासमोर बसून, हातात प्रोब धरून काम करायचं असेल तर रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीचं तंत्रज्ञ-शिक्षण आहे. त्या बाई तेच शिकल्या होत्या आणि माझ्या मते त्या कक्षातलं सगळ्यात कसबाचं काम त्यांचंच होतं. अडथळा स्वतः काढायचा असेल तर डॉक्टर हो, पुढे रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया किंवा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी, म्हणजे डॉटरसारखे नळ्या सरकवून करायचे उपचार, घे. भौतिकशास्त्रात दुसऱ्या वर्षापर्यंत आलेल्या आणि रक्ताने गरगरणाऱ्या मुलीला मी तिकडे ढकलणार नाही. तू भौतिकशास्त्रातच पुढे जा, पदव्युत्तरला ऑप्टिक्स किंवा वैद्यकीय प्रतिमांकन घे, मग पीएच.डी. सोबत संख्याशास्त्र मनापासून शिक. या क्षेत्रात चित्र सुंदर आणि निदान कच्चं अशी यंत्रं खूप झाली आहेत.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. ‘मेडिकल फिजिक्स’ नावाच्या बऱ्याच नोकऱ्या कर्करोगाच्या किरणोपचारात असतात, तेव्हा प्रवेश घेताना अभ्यासक्रमात प्रतिमांकन किती आहे ते विचार. आणि रक्त फारसं दिसणार नाही हे खरं, पण जखमा दिसतील आणि त्यांचा वासही येईल. आधी एखाद्या मधुमेही पायांच्या दवाखान्यात चार दिवस बसून बघ.

विषय अरुंद म्हणशील तर पाऊल अरुंद आहे, स्पेकल नाही. तेच गणित भाजलेली कातडी, डोळ्याचा पडदा आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेतही वापरतात. बाबांना हे पटेल असं वाटतं.

आणि हो, आजोबांचा दुसरा पाय. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा त्या पायाच्या अंगठ्याचा दाब मोजता येईल का, असं डॉक्टरांना विचार. तोपर्यंत रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघत जा. त्यांना फोड जाणवणार नाही.