खसरा क्रमांक सांगा, मग मत मागा

(भूमी अभिलेख खात्यात ३४ वर्षे भूकरमापक म्हणून काम केलेले, नागपूरचे आमचे स्तंभलेखक या महिन्यात सार्वजनिक जागा आणि मतदान यांवरच्या पत्रांना उत्तरे देत आहेत.)

प्रश्न : काका, मी मानेवाड्याची, वय २२. कॉलेजच्या प्रकल्पासाठी आम्ही मैत्रिणी घरोघरी गेलो. "मैदानं, तलाव, झुडपी जंगल राखलं पाहिजे का?" असं विचारलं, तर जवळजवळ प्रत्येकाने हो म्हटलं. "मग त्यावरून मत द्याल का?" म्हटल्यावर मात्र बहुतेकांनी विषय बदलला. लोक आमच्याशी खोटं बोलले का?

उत्तर : नाही पोरी, खोटं नाही बोलले. मी आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. हातभर धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, सख्खे भाऊ वीस-वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मी पाहिलंय. त्याच गावातला आखर, जिथे गायकी, म्हणजे गुराखी, सकाळी गुरं गोळा करायचा, तो दरवर्षी चहूबाजूंनी थोडा थोडा खाल्ला जातो आणि त्याची मोजणी मागायला कोणी येत नाही. मोजणीच्या अर्जावर अर्जदाराचं नाव लागतं. धुऱ्याला नाव आहे. आखराच्या सातबाऱ्यावर नाव सरकारचं, म्हणजे त्याच्यासाठी रात्री झोप उडणारा माणूसच नाही. लोकांना आखर हवा असतो, अगदी मनापासून हवा असतो. पण तो हवा असणं एक आणि त्यासाठी कामधंदा सोडून तहसीलच्या पायऱ्या चढणं दुसरं.

तुमच्या प्रश्नातही एक उणीव होती, ती सांगतो. "राखलं पाहिजे का" याला हो म्हणायला काही लागत नाही. पुढच्या वेळी असं विचारा : "तुमच्या लेआउटमधल्या पीयूच्या (सार्वजनिक उपयोगासाठी सोडलेल्या) जागेवर समाजभवन व्हावं की मोकळं मैदान राहावं?" मग बघा, उत्तरं फुटतात. कोणाला लग्नासाठी हॉल हवा असतो, कोणाला मुलांना खेळायला जागा. जागा आणि किंमत दोन्ही समोर ठेवली की खरं मत कळतं.

देशभराचं चित्रही तुमच्यासारखंच दिसतं. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने २०१८ मध्ये २ लाख ७३ हजारांहून अधिक मतदारांना विचारलं होतं की तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी कोणत्या. रोजगाराच्या चांगल्या संधी ४६.८० टक्के, चांगले दवाखाने ३४.६० टक्के, पिण्याचं पाणी ३०.५० टक्के. ते वाचून लोक म्हणतात, बघा, जंगलाची कोणाला पडली आहे! मला तसं वाटत नाही. नागपूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंच नदीचं आहे आणि तिच्यावरचा तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. "पाणी" म्हणणारा नागपूरकर जंगलाचंच नाव घेत असतो. त्याला तसं कोणी दाखवून दिलेलं नसतं, एवढंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरलं. त्या सकाळी नाग नदीचं पात्र कोणी किती आवळलं हे सगळे विचारत होते. त्याआधी नदीची हद्द विचारायला किती जण आले असते, सांग.

आता माझ्या घरची गोष्ट. आमचा लेआउट दक्षिण नागपुरातला, लोक ज्यांना "१९०० लेआउट" म्हणतात त्या विनापरवाना पडलेल्या लेआउटांपैकी. नकाशात मोकळं मैदान दाखवलेलं आहे. एके दिवाळीनंतर तिथे टिनाचं शेड आलं, मग तारेचं कुंपण, मग विटांची भिंत आणि एक पाटी. मी मोजणीवाला माणूस. संध्याकाळी टेप घेऊन गेलो आणि नकाशाशी ताडून पाहिलं. शंका उरली नाही. एका कार्यालयात तीनदा पत्र दिलं. तिन्ही वेळा फाइल दुसऱ्या टेबलावर होती.

मग फेब्रुवारी २०१७ ची महापालिका निवडणूक आली. आम्ही मांजरपाटाचा मोठा तुकडा घेतला. त्यावर मौजा, खसरा क्रमांक (म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा भूमापन क्रमांक), चौरस मीटरमधलं क्षेत्र लिहिलं आणि खाली एकच ओळ : "ही जागा मैदान म्हणूनच राहील, असं सही करून लिहून द्या." खाली घरांच्या सह्या. ज्यांनी कधी सभेत हात वर केला नसेल अशा बायकांनी सह्या केल्या. कापड भिंतीवरच बांधलं. प्रचाराला आलेल्या प्रत्येक उमेदवाराला आधी तिथे उभं केलं, मग चहा दिला. काहींनी सही केली, एकाने "निवडून आल्यावर बघू" म्हटलं. सही केलेल्यांपैकी दोघे निवडून आले. पावसाळा संपता संपता शेड निघालं.

यात तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. निकालानंतर मी शेजाऱ्यांना विचारलं, मैदानावरून मत दिलं का? बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, नाही काका, नेहमीच्याच पक्षाला दिलं. म्हणजे मोजणीत आमच्या मैदानाने एकही मत हलवलं नसेल. पण उमेदवारांना हे माहीत नव्हतं. त्यांना दिसलं ते सह्यांनी भरलेलं कापड. जागेबद्दलच्या लोकमताचा जोर मतपेटीच्या आधी लागतो, उमेदवाराच्या मनातल्या धाकधुकीवर. म्हणून तुमच्या प्रकल्पात "यावरून मत द्याल का" या रकान्यात आकडा लहान आला म्हणून निराश होऊ नका. त्या रकान्याशेजारी "उमेदवाराला याबद्दल विचारलं का" असा एक रकाना घाला.

आमच्याकडे एक अडचण आणखी आहे. २०१७ च्या त्या निवडणुकीत १५१ नगरसेवक होते आणि एक सोडला तर प्रत्येक प्रभागात चौघे. मैदानाचं काम कोणाचं, विचारलं की पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. आम्ही सही केलेल्या दोघांचीच नावं धरून ठेवली, बाकी दोघांना सोडून दिलं. त्याने काम झालं. पण भिंत अर्धीच पडली. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि कापड दाखवायला समोर कोणी उरलंच नाही. ती भिंत तशीच राहिली.

प्रश्न : साहेब, हिंगण्याच्या बाजूला आमची वस्ती आहे. कागदावर जागा झुडपी जंगल. माझे वडील इथे आले तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. दर निवडणुकीत पट्ट्याचं, म्हणजे घराच्या जागेच्या हक्काच्या कागदाचं, आश्वासन मिळतं. तुम्ही सार्वजनिक जागा वाचवा असं लिहिता, तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो. आम्ही कोणाच्या विरोधात आहोत का?

उत्तर : नाही, दादा. आणि तुम्ही मला हे लिहिलं, ते बरं केलं. मैदान राखणारा आणि पट्टा मागणारा यांना एकमेकांसमोर उभं केलं की तिसऱ्याच माणसाचं फावतं. मोठे भूखंड त्यालाच मिळतात.

"झुडपी जंगल" ही नोंद जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरातून आपल्याकडे आली. १९५६ मध्ये विदर्भाचे जिल्हे मध्य प्रदेशातून निघाले, तशी ती नोंदही सोबत आली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ती आढळते. काही ठिकाणी खरंच झुडपं आणि चराई होती. काही ठिकाणी त्या नोंदीवर पुढे शाळा, कार्यालयं, घरं उभी राहिली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच आहे; मात्र १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जागांसाठी राज्याने केंद्राची मंजुरी घेऊन त्या वनाच्या यादीतून काढाव्यात, आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची किंवा रकमेची अट नाही. त्यानंतरच्या वाटपाला कडक चाळणी आहे. वनाला न लागलेले, ३ हेक्टरपेक्षा लहान सुटे तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करायचे आहेत.

म्हणून तुमच्या वस्तीचं सगळं तारखेवर आहे. वडील कधी आले यापेक्षा वाटपाचा आदेश कोणत्या तारखेचा, कोणाच्या सहीचा, हे शोधा. तहसीलमधून १९५४-५५ च्या अधिकार अभिलेख पंजीची आणि गावाच्या निस्तार पत्रकाची (गावाचे चराई, सरपण वगैरे हक्क ज्यात लिहिलेले असतात) प्रमाणित नक्कल घ्या. पंजीत त्या खसऱ्यापुढे काय लिहिलंय ते आधी वाचा. मी कित्येकदा पाहिलंय की लोक ज्या नोंदीला घाबरतात ती शेजारच्या खसऱ्याची निघते. आणि पुढच्या वेळी कोणी पट्ट्याचं आश्वासन द्यायला आलं की टाळ्या वाजवू नका. आमच्या खसऱ्याचा प्रस्ताव केंद्राकडे गेला का, कोणत्या तारखेला, जावक क्रमांक काय, ते विचारा.

पट्टा मागणं हे निवडणुकीत नेहमी जोरात असतं, कारण तो एका घराला मिळतो आणि ते घर विसरत नाही. मैदान कोणा एका घराला मिळत नाही. म्हणूनच तुमच्यासारख्या वस्तीने आपल्या अर्जात मुलांच्या खेळाची आणि गुरांची जागाही खसरा क्रमांकासह लिहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नंतर ती मागायला फार उशीर होतो.

प्रश्न : मी उमरेडचा निवृत्त शिक्षक. माझा पुतण्या अमेरिकेत कोलोरॅडोत असतो. तो सांगतो की तिकडे सरकारी जमिनी राखाव्यात की विकाव्यात यावर दरवर्षी मतदारांचा कौल घेतात आणि पुढारी त्याला घाबरतात. हे खरं का? आणि तिकडे जमतं ते इकडे का नाही?

उत्तर : गुरुजी, पुतण्याचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. कोलोरॅडो कॉलेज २०११ पासून रॉकी पर्वताकडच्या पश्चिमी राज्यांत असं सर्वेक्षण करतं. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे, दोन्ही पक्षांकडचे सर्वेक्षणवाले मिळून ते करतात, त्यामुळे आकडा एका बाजूचा म्हणून झटकता येत नाही. तिथल्या संघ सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे, देशाच्या जवळजवळ २८ टक्के. नेवाडा राज्यात तर ८० टक्क्यांच्या आसपास.

जानेवारी २०१७ मध्ये युटाचे खासदार जेसन चॅफेट्झ यांनी सुमारे ३३ लाख एकर विकायचं विधेयक आणलं. शिकारी आणि गळ टाकून मासे धरणारे लोक खवळले. त्यांत चॅफेट्झ यांच्याच पक्षाचे मतदार भरपूर. फेब्रुवारी उजाडताच त्यांनी विधेयक मागे घेतलं. निवडणूक तेव्हा जवळपासही नव्हती, गुरुजी. आम्ही इथे कापड बांधत होतो तोच तो महिना, म्हणून मला ते विसरता येत नाही. २०२५ च्या जूनमध्ये त्याच राज्याचे सिनेटर माइक ली यांनाही जमीनविक्रीचं कलम सोडून द्यावं लागलं.

पण मतांचा हिशेब मात्र तिकडेही सरळ नाही. २०२० मध्ये संवर्धन निधीला दरवर्षी ९० कोटी डॉलर कायमचे देणारा कायदा झाला. तो पुढे रेटणारे दोन सिनेटर, कोलोरॅडोचे कोरी गार्डनर आणि मोंटानाचे स्टीव्ह डेन्स, दोघेही त्याच नोव्हेंबरात निवडणुकीला उभे होते. गार्डनर हरले, डेन्स जिंकले. कायदा मात्र झालेला होता.

इकडे का नाही, याचं माझं उत्तर असं. तिकडचा शिकारी त्या जमिनीवर स्वतः पाय ठेवतो, तिची वाट ओळखतो. आपल्याकडे गाव मालगुजारी तलावावर शेती भिजवायचं आणि चराईला गुरं सोडायचं, तेव्हा आपल्यालाही तसंच ठाऊक होतं. हे मामा (माजी मालगुजारी) तलाव गाळाने भरले, गुरं कमी झाली आणि गायरान फक्त नकाशात उरलं. तरी जिथे लोक जमिनीवर रोज जातात तिथे अजूनही होतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथे बांबू कोणाला विचारून तोडायचा हे ग्रामसभा ठरवते. तुमच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन एखाद्या रविवारी उमरेडजवळच्या कोणत्याही एका मामा तलावाच्या पाळीवर नकाशा घेऊन जा. मला बोलवलंत तर मीही येईन, साखळी घेऊन.

प्रश्न : आमच्या लेआउटने ठरवलंय, मैदान मिळेपर्यंत मतदानावर बहिष्कार. बरोबर आहे ना?

उत्तर : नाही. ज्या यादीभागात कोणी मत देत नाही, तिथे उमेदवार एक संध्याकाळही घालवत नाही. अगदी कोणीच नको असेल तर "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण आहे. तुमची हजेरी तरी मोजली जाते. आणि निवडणुकीची वाट पाहू नका. विकास आराखड्यात मैदानाचं आरक्षण बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. ती सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात येते. लेआउटमधल्या एका माणसाला रोज ते पान वाचायचं काम द्या. मालकाला दहा वर्षांत भूसंपादन झालं नाही म्हणून कलम १२७ ची नोटीस देता येते आणि मुदतीत कारवाई झाली नाही तर आरक्षणच संपतं, हेही त्या माणसाला सांगून ठेवा.

आमच्या मैदानावरची भिंत अजून २१ मीटर लांबीची उभी आहे. तिच्या मोजणीचा अर्ज मी याच आठवड्यात भरला, यावेळी अर्जदार म्हणून एकट्या माझं नाही, चाळीस घरांची नावं आहेत.